बालपरवेशीचा कागद

जोडे बाहेर काढा आणि आत या. साल 1764, पुणं, पेशव्यांचा फड. कारकुनाला साल विचारलंत तर तो ‘खमस सितैन मया व अलफ’ म्हणेल. कारभार मराठी, पण सुहूर सनाचे आकडे अरबी. त्याच्याशेजारी मांडी घालून बसा. बोरूचं टोक नुकतंच तासलंय. घोटून गुळगुळीत केलेल्या कागदावर तो आधी लांब रेघ ओढतो आणि मग तिच्याखाली मोडी अक्षरं लटकवत सुटतो. हात उचलत नाही, शब्द तोडत नाही. ओळी भरल्या की वर चिमूटभर वाळू भुरभुरतो, शाई सुकावी म्हणून.

पानिपताला तीन वर्षं झालीत. तिथे पडलेल्या एका शिपायाच्या घरी बालपरवेशी लावून द्यायची आहे, म्हणजे मागे राहिलेल्या लेकराच्या पोटापाण्याची तजवीज. सनद घरी जाईल, नोंद दफ्तरात राहील. अक्षरं तुम्हाला लागत नाहीत. नुसतं बघून घ्या.

आता 1898. त्याच शिपायाच्या गावी, त्याच घराच्या माळ्यावर. सनद इथे आहे, कडेने कसरीने खाल्लेली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड याच वर्षी निघालाय. असे 22 खंड काढणारे वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून दफ्तरं धुंडाळतायत. पण माणूस एक आणि माळे हजारो. या घरी ते पोचत नाहीत. खाली बंब पेटवायला कागद हवाय. तुम्ही हात पुढे करता, पण तुमचा हात इथे कुणाला दिसत नाही.

लढायांच्या पत्रांना कुणीतरी वाली भेटतो. अशा कागदांना भेटत नाही, आणि माझा जीव तुटतो तो यांच्यासाठीच. हरल्यानंतर राज्य घरोघरी कसं वागलं, हे यांच्याशिवाय कोण सांगणार?

आज. पुण्याचं पेशवे दफ्तर. इतिहासकार सरदेसायांनी 1930 पासून निवडक कागदांचे 45 खंड छापले, तरी न वाचलेल्या कागदांचे रुमाल फडताळांत रांगेने बसलेत. एकाची गाठ सोडा, हलक्या हाताने. तीच रेघ, तेच वळण. वाळूचा एक कण अजून अक्षराला चिकटलेला. शेजारी मोडी शिकलेली एक मुलगी बसलीय. कागदाला न शिवता ती वरून बोट नेते, अडखळते, मागे येते, पुन्हा लावून बघते.

“मुलगा एक,” ती वाचते. “उमर वर्षे सहा.”