सुवासाची पारख

व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय निघाला म्हणजे लढाया, तह आणि राजांच्या वंशावळी यांची अपेक्षा धरून मंडळी येतात. आज आम्ही तसे काही आणलेले नाही. आमचा विषय मुठीत मावेल एवढ्या काचेच्या कुपीचा आहे. कपडे बेतणाऱ्या एखाद्या नामांकित पेढीने आपल्या नावावर विकलेला सुवास, ज्याला आज सर्रास डिझायनर परफ्यूम म्हणतात, तो आता पालघर-बोईसरला घरबसल्या मागविता येतो. कारखान्यात, दवाखान्यात, शाळेत नोकरी करणारी स्त्री आपल्या पगारातून तो मागविते. कुपीवर पॅरिसचे नाव असते, किंमत चांगली घसघशीत असते. मग ती झाकण काढते, मनगटावर थेंब घेते, आणि काही वेळाने म्हणते, "बरा आहे", किंवा "छे, डोक्यात जातो." हा निकाल देण्याचा अधिकार तिच्याकडे कसा आला, आणि कोणत्या कसोटीवर ती तो देते, एवढाच आमचा प्रश्न आहे. वाटतो तितका तो हलका नाही.

सुगंधाचे शास्त्र आपल्याकडे जुने आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत गंधयुक्तीचा एक स्वतंत्र अध्यायच घातला आहे. सोळा द्रव्ये चौकटीत मांडावीत, त्यांतील कोणतीही चार निरनिराळ्या प्रमाणांत मिसळावीत, म्हणजे 1,74,720 सुवास होतात, असा त्याचा हिशेब आहे.   परंतु या पावणेदोन लाखांपैकी अंगाला लावण्याजोगे किती, हे सांगावयाचे गणिताला साधत नाही. ते कोणाच्या तरी त्वचेवर ठरावे लागते. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, विलेपन आणि धूप यांचे सविस्तर वर्णन येते. पण तेथे उपभोग घेणारा राजा, आणि पारखही राजाचीच. या विषयातील जुन्या पोथ्या उजेडात आणण्याचे मोठे श्रेय पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांना आहे. गंगाधराचा 'गंधसार' आणि अज्ञात कर्त्याचा 'गंधवाद' यांच्याकडे त्यांनीच अभ्यासकांचे लक्ष वेधले. यांतील 'गंधवादा'वर मराठी टीका आहे, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. कोणा मराठी माणसाला सुवास कसा करावा हे आपल्या भाषेत समजावून सांगावेसे वाटले होते. मात्र कृती सांगणारे हे सारे ग्रंथ लावणारीचे मत विचारीत नाहीत.

आपल्या किनाऱ्याचा एक दाखला येथे देतो. पहिल्या शतकातील ग्रीक नाविकाच्या 'पेरिप्लस'मध्ये सोपाऱ्याचे नाव आहे; ते सोपारे आज पालघर जिल्ह्यात येते. त्याच वृत्तांतात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत सुगंधी लेप दोनदा येतो. बाजारासाठी जो उतरे तो फार महाग नसलेला, आणि तोही थोडाच. राजासाठी मात्र उत्तमांतला उत्तम. म्हणजे परदेशी सुवासाची प्रत त्याच्या गिऱ्हाइकाच्या प्रतिष्ठेवरून ठरविण्याची रीत एकोणीसशे वर्षांची तरी आहेच. तारापूरला लागून असलेल्या चिंचणी येथे सापडलेल्या ताम्रपटांपैकी शके 848 च्या, म्हणजे इसवी सन 926 च्या पटात संजाणचा कारभार राष्ट्रकूटांच्या वतीने पाहणाऱ्या मुहंमद नावाच्या अरब अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. संस्कृतात त्याचे 'मधुमती' झाले. आपण ज्याला अत्तर म्हणतो तो शब्दही अरबीच. या किनाऱ्याला पश्चिमेचा वारा नवा नाही.

आता अत्तराकडे वळू. गुलाबाच्या अत्तराचा शोध नूरजहानच्या आईने, अस्मत बेगमने, लावला असे जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील ही गोष्ट. गुलाबपाणी काढताना गरम पाण्यावर जमणारा तवंग तिने थोडाथोडा गोळा केला. त्याचा एक थेंब तळहातावर चोळला तर सारी सभा दरवळते, असे बादशहा मोठ्या कौतुकाने सांगतो. शोध बाईचा, नाकही बाईचे. पण नाव पडले 'इत्र-ए-जहांगिरी'! अस्मत बेगमला मोत्यांची माळ मिळाली. सुवासावर दुसऱ्याचे नाव घालण्याचा उद्योग पॅरिसकरांनी प्रथम केला असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

परीक्षा मात्र तळहातावर झाली, आणि अत्तराच्या व्यवहारात ती तेथेच राहिली. अत्तरवाला काडीला कापूस गुंडाळून मनगटाच्या मागच्या बाजूस लावी. जाणता गिऱ्हाईक लगेच भाव करीत नसे. पहिला भपका ओसरू द्यावा, फाया कानात ठेवून गावातून एक फेरी मारावी, रात्री अंगरखा खुंटीला लावावा, आणि सकाळी त्याला काय वास उरला आहे ते पाहावे. चंदनाच्या तेलावर उतरविलेले खरे अत्तर दुसऱ्या दिवशीही बोलते. भेसळीचे रात्रीतच गप्प होते. यात गूढ काही नाही. जे द्रव्य चटकन उडून जाते ते नाकाला आधी भेटते, आणि जे जड असते ते मागे राहते. लिंबासंत्र्याचा वास काही मिनिटांचा सोबती. फुलांचा त्याहून बरा. चंदन, वाळा, कस्तुरी यांचा मुक्काम तासांचा. आजचे परफ्यूम बनविणारे याच क्रमाला तीन पायऱ्यांचे नाव देतात.

आमच्या घरांतील बायकांना या परीक्षेत किती वाव होता? हळदीकुंकवाला अत्तर लागे, गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडले जाई. ते कोणते हे यजमानांच्या घरच्या पुरुषांनी बाजारात ठरविलेले असे. लावणारीने हात पुढे करावयाचा आणि वास घ्यावयाचा. आणि जिचे कुंकू पुसले गेले, तिने हातही पुढे करावयाचा नाही. फूल, अत्तर, गजरा ही सौभाग्याची लेणी मानली गेल्यामुळे विधवेच्या नाकाला जणू सुटी दिली गेली. सुवासाच्या इतिहासात राजांचे विलेपन रंगवून सांगणारे लेखक या ओळीवरून पुढे निघून जातात. आम्हांला ते बरे वाटत नाही.

आता पॅरिस. 1868 साली विल्यम पर्किनने टोंका नावाच्या बीचे सुवासिक द्रव्य, कुमारिन, प्रयोगशाळेत तयार केले. 1874 साली व्हॅनिलाचा सुवास तसाच साधला. तेव्हापासून सुवास फुलांच्या ताब्यातून सुटला. बोईसरकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचा दिवस रसायनांच्या पिंपांमध्ये जातो, त्यांना वास रसायनाचा असतो हे ठाऊकच आहे. 1911 साली पॉल प्वारे या कपडे बेतणाऱ्याने सुवास विकण्यास आरंभ केला, पण त्याला नाव आपल्या मुलीचे दिले, रोझिनचे. 1921 साली गाब्रिएल शनेलने आपले स्वतःचे नाव घातले. तिच्यासाठी एर्नेस्त बो याने नमुने तयार केले, त्यांवर फक्त आकडे होते, आणि तिने पाचवा उचलला, अशी हकीकत सांगतात. अल्डिहाइड नावाच्या कृत्रिम द्रव्यांच्या सढळ वापराने त्या सुवासाला एक झळाळी आली होती. ती कोणत्याच एका फुलाची नव्हती. आम्हांला येथे गंमत वाटते ती अशी: जगातील सर्वांत प्रसिद्ध डिझायनर परफ्यूमची निवड एका बाईने, नाव नसलेल्या कुप्यांतून, केवळ नाकाने केली; आणि तेव्हापासून कोट्यवधी बायकांनी तो नाव वाचून घेतला.

त्याच्या पुढच्याच वर्षी, 1922 साली, मुंबईत एस. एच. केळकर आणि कंपनी ही मराठी पेढी निघाली. साबण, अगरबत्ती, प्रसाधने करणाऱ्यांना सुवास पुरविणे हा तिचा धंदा. म्हणजे अगदी उलटा प्रकार: वास घराघरांत, नाव कोणालाच माहीत नाही. 1952 साली टाटा ऑइल मिल्सने फ्रेंच पेढ्यांच्या सहकार्याने लॅक्मे काढली; नाव एका फ्रेंच संगीतिकेच्या नायिकेचे, तीही आपल्या लक्ष्मीचेच फ्रेंच रूप. परदेशी कुपी मात्र दीर्घकाळ दुर्मिळच होती. आयातीवर निर्बंध होते. आखातातून येणाऱ्या नातलगाच्या पेटीतून ती यावयाची, आणि कपाटात साडीच्या घडीखाली वर्षानुवर्षे पडून राहावयाची. 2001 च्या एप्रिलमध्ये उपभोग्य वस्तूंवरील आयातीची संख्यात्मक बंधने उठली, तेव्हा ती कुपी जपून ठेवण्याची वस्तू न राहता वापरण्याची झाली. वापर सुरू झाला की पारख आली.

ही पारख कशी चालते? आमच्या भगिनी विलायती परिभाषा वापरीत नाहीत, आणि त्यांचे काही अडतही नाही. मराठीच्या पोतडीत सगळे आहे. आपण गेल्यावरही मागे जिन्यात राहतो तो दरवळ. खोलीत शिरताच सगळ्यांच्या माना वळवितो तो घमघमाट. जवळ आलेल्यालाच कळतो तो मंद. उग्र म्हणजे जोरकस, पण दर्प म्हटला की त्यात तक्रार आली. 'डोक्यात जातो' म्हणजे कपाळ दुखवितो. 'अंगावर बसतो' याच्यापुढे मात्र प्रशस्तिपत्रक नाही. वास आणि माणूस वेगळे उरले नाहीत, असा त्याचा अर्थ. एकच कुपी दोन बहिणींपैकी एकीला बसते, दुसरीला बसत नाही. त्वचेचा तेलकटपणा, ऊब, घाम हे सारे त्यात आपला वाटा उचलतात. म्हणून दुकानातील कागदाच्या पट्टीवर निकाल देणे म्हणजे पत्रिका पाहूनच लग्न ठरविणे.

मग हवामान. पॅरिसच्या गारठ्यासाठी बेतलेला गोड, जड सुवास केळव्या-माहीमच्या किनाऱ्यावर मे महिन्यात लावून पाहावा. दमट उकाड्यात तो फुगतो आणि मळमळू लागते. लिंबाच्या जातीचा हलका सुवास घ्यावा, तर स्टेशन येईपर्यंत उडून जातो. जाणत्या बायका यावर आपापले तोडगे काढतात: कोणी पदराच्या आतल्या काठाला लावते, कोणी पावसाळ्यासाठी एक आणि थंडीसाठी एक ठेवते. ऋतुपरत्वे विलेपन बदलावे हे मानसोल्लासकाराने राजाला सांगितले होते. येथे ते कोणी न सांगता कळले आहे.

सर्वांत कठोर परीक्षक म्हणजे बायकांचा डबा. 16 एप्रिल 2013 रोजी उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत गेली, आणि पालघर-बोईसरहून मुंबईकडे जाणाऱ्या स्त्रियांचे रोजचे दोन-दोन तास एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून जाऊ लागले. या डब्यात एकीचा सुवास सगळ्यांचा होतो. कोणाच्या अंबाड्यावर गजरा असतो. वसईची फुले दादरच्या बाजाराला जातात, विक्रमगड-जव्हारकडे आदिवासी शेतकरी मोगरा लावू लागले आहेत, तेव्हा खऱ्या मोगऱ्याचे प्रमाण शेजारीच हजर असते. बाटलीतला मोगरा त्याच्यापुढे किती टिकतो हे लगेच दिसते. शिवाय आपला सुवास थोड्या वेळाने आपल्यालाच येईनासा होतो, नाक त्याला सरावते. उडाला समजून पुन्हा पुन्हा फवारणारीला शेजारीण सांगते, "अगं, येतोय अजून, पुरे आता." परीक्षेचा अर्धा भाग असा दुसऱ्याच्या नाकाने पुरा होतो. कुपीवरचे नाव येथे कोणी विचारीत नाही असे नाही, पण ते "छान आहे, कोणता गं?" असे, म्हणजे निकाल लागल्यानंतर विचारतात.

नाकाच्या या कामाला आपल्या भागात आणखी एक बाजू आहे. कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध या किनाऱ्यावरच्या मांगेला समाजाच्या परिषदेने 2016 साली हरित न्यायाधिकरणाकडे अर्ज केला. खाडीचे पाणी बिघडले हे किनाऱ्यावर राहणाऱ्याला प्रयोगशाळेच्या अहवालाआधी नाकाने कळते. आणि नाक सरावते हा दोष येथे धोक्याचा ठरतो: हायड्रोजन सल्फाइडसारखा वायू फार झाला की नाक बधिर करतो, आणि वास गेला म्हणजे धोका गेला असे माणसाला वाटते. उंची सुवासाची पारख ही चैन आहे असे म्हणणाऱ्यांना आमचे इतकेच सांगणे आहे की, ते नाक आणि हे नाक एकच आहे.

राहता राहिली हात पुढे न करणारी. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र आणि जोडवी उतरविणे या चाली बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. ठराव झाला म्हणजे चाल मोडली असे नव्हे. पण काही ठिकाणी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आता त्यांनाही बोलावणे जाते. अत्तर लावणारी जवळ आली की पुष्कळजणी अजून थबकतात, हात पदराखालीच राहतो. शेजारचीने तो धरून पुढे केला, काडी मनगटाला लागली, की मग तिळगूळ घेताना, बोलताना, मधूनच तो हात नाकाशी जातो. आणि थोड्या वेळाने एखादी म्हातारी ठासून सांगते, "गुलाब कसला, हीना आहे ही."