दगडाच्या कपच्यांवरील इतिहास



कामगार चळवळीतला माणूस वसंत व्याख्यानमालेत उभा राहिला, म्हणजे तो महागाईभत्त्यावर नाहीतर नव्या कामगार कायद्यांवर बोलणार अशी श्रोत्यांची समजूत असते. मी आज चित्रांविषयी बोलणार आहे. चित्रकलेत मला गती आहे अशातला भाग नाही. माझी शाळा नववीत सुटली; पुढचे सारे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि नगरवाचनालयात झाले. परंतु ज्या चित्रांची हकीकत मी सांगणार आहे, ती काढणारे लोक मला ओळखीचे वाटतात. ते मजूर होते. मजुरी थकली म्हणून ते एकदा काम बंद करून बसले होते. आणि ही गोष्ट तीन हजार वर्षांहून जुनी आहे.

ईजिप्त देशात नाईल नदीच्या पश्चिम तीरावर, आजच्या लक्सर शहरासमोर, उजाड डोंगरांच्या कुशीत दैर अल-मदिना नावाच्या खेड्याचे अवशेष आहेत. इ. स. पू. १५०० ते १०७० च्या सुमारास त्या देशाच्या राजांची थडगी जवळच्याच दरीत डोंगर फोडून खोदली जात. ती खोदणारे पाथरवट, भिंतींना गिलावा करणारे, आकृती आखणारे, रंग भरणारे आणि त्यांची बायकामुले या खेड्यात राहत. तटाच्या आत भिंतीला भिंत लागून साठसत्तर घरे होती. गावात पाण्याचा ठिकाणा नव्हता. पाणी गाढवांवर लादून येई. धान्यही बाहेरून येई, कारण हे लोक शेतकरी नव्हते. गहू आणि जव यांचा महिन्याचा शिधा हीच त्यांची मजुरी.

कामाची शिस्त आपल्या गिरणीकारखान्यांतल्यासारखीच होती. दहा दिवसांचा आठवडा. आठ दिवस काम, दोन दिवस सुट्टी. कामगारांच्या दोन टोळ्या, उजवी आणि डावी, आणि प्रत्येकीवर एक मुकादम. भुयारात उजेडासाठी दिवे लागत, तर त्यांच्या वातीसुद्धा मोजून दिल्या जात. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये त्या गावचा एक हजेरीपट आहे, दुसऱ्या रामसेस राजाच्या ४० व्या वर्षाचा. त्यात कोण कोणत्या दिवशी आला नाही आणि का आला नाही, हे लेखनिकाने टिपून ठेवले आहे. कोणी आजारी, कोणाला विंचू चावला, कोणी आप्ताच्या अंत्यविधीत गुंतलेला, कोणी घरी मद्य गाळीत बसलेला! तीस वर्षे हजेरीपटांवरून भांडणे केलेल्या माणसाला हे वाचून घरचे वाचल्यासारखे वाटते.

हा हजेरीपट कागदावर नाही. तो चुनखडीच्या दगडाच्या एका मोठ्या कपचीवर आहे. इथे आपल्या विषयाला सुरुवात होते.

त्या काळी लिहिण्यासाठी पपायरस होता. पण तो महाग, आणि हिशेबाच्या माणसाने सांभाळून वापरायचा. दगडाची कपची मात्र फुकट. डोंगर फोडला की पांढऱ्या, गुळगुळीत कपच्यांचे ढीग पडत. मडक्यांची खापरेही होती. त्यांवर गावच्या लोकांनी पत्रे लिहिली, उसनवारी लिहिली, भांडणे लिहिली. आणि चित्रे काढली. बर्नार ब्रुयेर या फ्रेंच संशोधकाने १९२२ ते १९५१ या काळात हे गाव खणून काढले, तेव्हा उकिरड्यांतून आणि गावाच्या उत्तरेकडील एका प्रचंड खड्ड्यातून अशा कपच्या हजारोंनी निघाल्या.

ही चित्रे म्हणजे काय, हे समजण्यासाठी आधी या लोकांचे नोकरीतले काम पाहावे लागेल. थडग्याच्या भिंतीवर दोरीने लाल चौकटी मारीत. राजा किती चौकटी उंच असावा, खांदा कोठे यावा, पाऊल कोठे पडावे, हे सारे ठरलेले. एकजण लाल रंगाने रेघा काढी, वरचा उस्ताद काळ्या रंगाने त्या सुधारी. राजा नेहमी तरुण, देव नेहमी गंभीर. चूक चालायची नाही आणि लहरही चालायची नाही. शिवाय काम पुरे झाले, राजाला पुरले, की दार कायमचे बंद. ज्यांनी जन्मभर तिथे रंग भरला, त्यांचे काम पाहायला कोणी जिवंत माणूस येऊ नये अशीच त्या कामाची योजना.

आता कपचीकडे पाहा. केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियममध्ये एक कपची आहे. तीवर एक पाथरवट काढला आहे. हातात छिन्नी आणि लाकडी मोगरी, नाक जाडजूड, गालावर दाढीचे खुंट, तोंड उघडे. घाव घालताना तोंड उघडे पडते, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच ते काढता येईल. राजाच्या थडग्यात हा चेहरा कोणी येऊ दिला नसता. तुरीन शहराच्या संग्रहालयात एक नाचणारी मुलगी आहे. कमान करून मागे वाकलेली, हात जमिनीला टेकलेले, केस खाली सुटलेले. ब्रुकलिनच्या कपचीवर एक उंदीर थाटात खुर्चीवर बसला आहे आणि एक मांजर त्याला वारा घालीत चाकरी करीत आहे. दुसरीकडे मांजर खांद्यावर काठी टाकून बदकांचा कळप हाकते आहे. कोठे माकड आहे, कोठे बाळाला पाजणारी बाई आहे. यांना चौकटी नाहीत, ठरीव मापे नाहीत. दोनचार फटकाऱ्यांत हात मोकळा सोडलेला आहे.

उंदराची चाकरी करणारे मांजर पाहून माझ्यासारख्याला मोह होतो. वाटते, हा धन्यावर काढलेला चिमटा आहे, क्रांतीची पहिली ठिणगी आहे! पण इतिहासात आपल्या मनातले घुसडू नये. अभ्यासकांपैकी काहींच्या मते हा उपहास आहे, तर काही म्हणतात की या प्राण्यांच्या गोष्टी आहेत, आजीने नातवाला सांगाव्यात अशा. काही कपच्या शिकाऊ मुलांच्या सरावाच्या आहेत, काही देवाला वाहिलेल्या आहेत. मला एवढेच सांगायचे आहे की, कित्येक चित्रे अशी आहेत की जी काढायला कोणी सांगितले नव्हते आणि ज्यांचा शिधा मिळणार नव्हता. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मांजर, उंदीर आणि बदके हे विषय एकाच हातचे नाहीत. कसलेल्या हाताने ते काढले आहेत आणि अडखळणाऱ्या हातानेही काढले आहेत. याचा अर्थ उघड आहे. कपच्या एकमेकांना दाखवल्या जात होत्या. एकाने काढले, शेजारी हसला, आणि दुसऱ्या सुट्टीला त्याने आपले मांजर काढले.

आणि याच गावाने संप केला. तिसऱ्या रामसेस राजाच्या कारकिर्दीचे २९ वे वर्ष, म्हणजे इ. स. पू. ११५५ च्या आसपासचा काळ. शिधा थकला होता. तेव्हा टोळीच्या टोळी काम टाकून चौक्यांच्या भिंती ओलांडून बाहेर पडली आणि एका मंदिराच्या पाठीमागे जाऊन बसली. अधिकारी समजूत घालायला आले. कामगारांनी सांगितले की, आम्ही भुकेने आणि तहानेने इथवर आलो आहोत. अंगावर कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही. हे राजाला कळवा. पुढे ते दुसऱ्या मोठ्या मंदिरात जाऊन बसले आणि मागल्या महिन्याचा थकलेला शिधा पदरात पडला. ही हकीकत लिहिलेला पपायरस तुरीनला आहे. ज्याची लेखी नोंद शिल्लक आहे असा जगातला पहिला संप म्हणून त्याचा उल्लेख होतो. आमच्या अभ्यासवर्गांत मी तो कितीदा तरी सांगितला आहे. पण फार वर्षे मी अर्धीच गोष्ट सांगत होतो. पपायरसवरून मला त्यांच्या मागण्या कळल्या. त्या मागणाऱ्या माणसाचे तोंड कसे होते, तो कशाला हसत होता, हे मला कपच्यांनी सांगितले.

कोणी म्हणेल, ते लोक चित्रकारीच्या धंद्यातलेच होते. त्यांनी फावल्या वेळात रेघोट्या ओढल्या यात नवल ते काय? ज्याने कधी कुंचला धरला नाही त्याचे काय? या शंकेला उत्तर अगदी अलीकडच्या काळात आणि वेगळ्याच मुलखात सापडते. इंग्लंडच्या उत्तरेस नॉर्थम्बरलँड परगण्यात अॅशिंग्टन नावाचे कोळसाखाणीचे गाव आहे. कामगारांच्या शिक्षणासाठी १९०३ साली तिकडे ‘वर्कर्स एज्युकेशनल असोसिएशन’ निघाली होती. तिच्या वतीने १९३४ साली या गावात चित्रकलेचा आस्वाद कसा घ्यावा याचा वर्ग सुरू झाला. विद्यार्थी बहुतेक खाणकामगार. शिकवायला न्यूकॅसलहून रॉबर्ट लायन हे गृहस्थ येत. त्यांनी इटलीतल्या थोर चित्रकारांची चित्रे पडद्यावर दाखवली. मंडळींना काही रुचेना. तेव्हा लायन यांनी सांगितले की, चित्र समजायचे तर स्वतःच काढून पाहा. आधी लिनोलियमवर कोरून छाप काढले. मग रंग आले, तेही घरांच्या भिंतींना द्यायचे, आणि फळीवर नाहीतर पुठ्ठ्यावर दिलेले. एक विषय ठरायचा, ज्याने त्याने घरून काढून आणायचे, आठवड्याने सारी चित्रे ओळीने मांडायची आणि सर्वांनी मिळून बोलायचे. कोणी उस्ताद नाही, सगळेच टीकाकार. त्यांतला ऑलिव्हर किलबोर्न वयाच्या तेराव्या वर्षी खाणीत उतरलेला. कबुतरांची खुराडी, शनिवार रात्रीचा क्लब, वाकून कोळसा तोडणारी पाठ, हे त्यांचे विषय. १९३६ साली न्यूकॅसलमध्ये त्यांचे प्रदर्शन भरले. नाव झाले तरी हे लोक पोटासाठी चित्रकार झाले नाहीत. सकाळी खाणीतच उतरले. मंडळ १९८४ पर्यंत, म्हणजे ५० वर्षे चालले. अॅशिंग्टनची खाण १९८८ साली बंद पडली. आज खाण नाही, पण ती चित्रे जवळच्या वुडहॉर्न येथील संग्रहालयात आहेत, आणि खाणीत माणूस कसा वाकत होता हे त्यांवरून कळते.

आता एक माझी स्वतःची गोष्ट सांगून संपवतो. ती सांगताना मला संकोच वाटतो. पण व्यासपीठावरून दुसऱ्यांचा इतिहास सांगायचा आणि स्वतःचा झाकायचा, हे बरे नव्हे.

१९९८ साली एका कारखान्याच्या फाटकापुढे आमचे धरणे चालू होते. मालकाने टाळे ठोकले होते. उन्हाळ्याचे दिवस, ताडपत्रीचा मांडव. रंगखात्यातले एक वयस्क कामगार रोज कोपऱ्यात बसत आणि आमच्याच हस्तपत्रकांच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीच्या तुकड्याने काही ना काही काढीत. डुलकी घेणारा पहारेकरी, चहाची किटली घेऊन धावणारा पोरगा, डबा घेऊन आलेल्या बायका. कागद मांडवभर फिरे आणि माणसे हसत. एके दिवशी मी भाषण करीत असता मागे हशा पिकला. कागद हिसकावून पाहिला तर मीच होतो; मूठ वर, आणि तोंड एवढे उघडे की त्यात किटली मावावी. मला राग आला. मी सर्वांदेखत म्हणालो, “काका, इथे पोटाचा प्रश्न आहे आणि तुम्ही बाहुल्या काढत बसलात?” ते एवढेच म्हणाले, “चुकलं, भाऊ.” त्या दिवसापासून त्यांनी पेन्सिल काढली नाही. मांडवातला हशाही गेला, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले.

पुढे तडजोड झाली. कचेरी बदलली तेव्हा निवेदने, करारनामे, पोचपावत्या मी फायलींत नीट लावून नेल्या. पाठीवर चित्रे असलेल्या पत्रकांचा गठ्ठा रद्दीत घातला, तोही माझ्याच हाताने. काही वर्षांनी वाचनालयात ईजिप्तवरचे एक पुस्तक चाळताना त्या उघड्या तोंडाच्या पाथरवटाचे चित्र समोर आले आणि मी पान उलटू शकलो नाही. काका तोवर वारले होते. आज त्या धरण्याची तारीखवार माहिती कोणी विचारली तर मी देऊ शकतो. ती माणसे कशी दिसत होती असे विचारले तर माझ्यापाशी दाखवण्यासारखे काही नाही. तीन हजार वर्षांपूर्वीच्या उकिरड्याने जे सांभाळले, ते माझ्या कचेरीला पाच वर्षेही सांभाळता आले नाही.

म्हणून आता आमच्या कचेरीत फायलींच्या कपाटाशेजारी एक पत्र्याची पेटी ठेवली आहे. सभेत, पाळीच्या मधल्या सुट्टीत, बसची वाट पाहताना कोणी पावतीमागे, बिडीच्या पुडक्यावर, हिशेबाच्या कागदावर काही काढले, तर ते एकमेकांना दाखवून झाल्यावर पेटीत टाकावे असे सांगितले आहे. चांगले-वाईट ठरवायला कोणी परीक्षक नाही. आपणही घरी, दुकानात, शाळेत अशी एखादी पेटी ठेवावी, एवढी माझी विनंती आहे. आमच्या पेटीत आजवर फार जमलेले नाही. एक शेळी आहे, दोन बैल आहेत, एक यंत्र आहे. आणि मागच्या सर्वसाधारण सभेत एका नव्या पोराने काढलेला मी आहे. तोंड अजून उघडेच आहे.