नामावळीची वही

ज्यास मासिक वेतन नाही, ज्याच्या पाठीशी कोणती पेढी नाही आणि ज्याची उपजीविका केवळ दारी येणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे, अशा स्वतंत्र व्यावसायिकाने आलेला गृहस्थ, त्याचा मुलगा आणि त्याचा नातू आपल्याकडेच येत राहावा अशी व्यवस्था कशी करावी? हा प्रश्न आज आपल्या कुटुंबांतील वकील-डॉक्टरांपुढे आहे, तसाच तो नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांपुढे कित्येक पिढ्यांपूर्वी उभा होता. त्यांनी शोधलेले उत्तर आपल्या घराघरांतील वडीलधाऱ्यांच्या चांगल्या परिचयाचे आहे. इतिहास म्हणून मात्र आपण त्याकडे क्वचितच पाहतो.

ते उत्तर म्हणजे नामावळीची वही होय. यात्रेकरू क्षेत्री उतरला की त्यास प्रथम आडनाव, ज्ञाती आणि मूळ गाव विचारण्यात येई. ह्यांत मूळ गावाचे महत्त्व विशेष. मुंबईस दोन पिढ्या काढलेल्या गृहस्थासही येथे रत्नागिरीकडील वा साताऱ्याकडील गावाचेच नाव सांगावे लागे, कारण घराणी उपाध्यायांमध्ये वाटली गेली होती ती त्याच खुणेने. योग्य उपाध्यायाचे घर सापडले की लांबट वही सोडली जाई आणि पाने उलटता उलटता पणजोबांचे नाव निघे. ते कोणत्या शकात आले, अस्थिविसर्जनासाठी, श्राद्धासाठी की सिंहस्थस्नानासाठी, बरोबर भाऊ व मुलगे कोण होते, हे सारे तेथे लिहिलेले असे. जुन्या नोंदी पुष्कळदा मोडीत. पुढच्या पिढ्यांनी ह्याच उपाध्यायास मानावे, अशा आशयाचा लेखही पूर्वजाने करून दिलेला आढळे. मग आलेला यजमान स्वतःची नोंद करून खाली सही करी.

ह्या युक्तीचे मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. मंत्र कोणीही म्हणेल, दक्षिणाही कोणी दोन पैसे कमी घेईल; परंतु पणजोबांची सही एकाच घरी मिळे. उपाध्याय यजमानापुढे ठेवी ती वस्तू मुळात यजमानाचीच होती. तो तिचा केवळ राखणदार. शिवाय परक्या मुलखात उतरण्यास जागा, जेवणाची सोय, बाजारात फसवणूक होऊ नये म्हणून बरोबर माणूस, हीही त्याचीच जबाबदारी असे. यात्रेचा हंगाम नसताना उत्तरेकडील क्षेत्रांतले पंडे गंगाजल घेऊन यजमानांच्या गावोगाव फिरत, खुशाली विचारीत आणि नवे जन्म व मृत्यू टिपून घेत. हा सारा सद्भावच होता असे नव्हे. शोकाकुल माणसास कोंडीत धरून दक्षिणेसाठी घासाघीस करणारे उपाध्यायही होते, आणि त्याविषयीची लोकांची तक्रार खोटी म्हणता येणार नाही.

वहीवाचून बाहेर पडलेल्या भिक्षुकाची अवस्था पाहावयाची असल्यास वरसईच्या विष्णुभट गोडशांकडे पाहावे. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार, हे ऐकून कर्ज फेडण्याच्या आशेने ते सन १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले. वाटेतच बंडाचा वणवा पेटला. मिळविलेले लुटले गेले, आणि गंगेची कावड तेवढी घरी आली. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माझा प्रवास’ ह्या ग्रंथामुळे त्यांचे नाव अजरामर झाले, ही गोष्ट निराळी.

गावजोशाने निराळाच मार्ग धरला. त्याची वृत्ती वतनी होती, आणि यजमानाने दुसऱ्यास बोलावले तरी हक्काची दक्षिणा जोशास द्यावी लागे. इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनीही त्यास दुजोरा दिला. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाल्यावर भटजीवाचून लग्ने लागू लागली आणि ह्या हक्कालाच आव्हान मिळाले. जुन्नर तालुक्यातील ओतूर येथील अशा लग्नावरून झालेला दावा उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तेथे जोशाच्या विरुद्ध निकाल लागला. पुढे १९२६ साली मुंबई कायदेमंडळाने, न बोलावलेल्या जोशाचा दक्षिणेवरील हक्कच रद्द केला. आमच्या मते ह्यात जोशाचे जे नुकसान झाले त्याचे बीज हक्कातच होते. यजमान येणारच अशी खात्री असल्यावर त्याच्या आजोबांचे नाव जपून ठेवण्याचे कारण काय?

तीर्थोपाध्यायांच्या घरांतही ह्या मोहाचा शिरकाव झालाच होता. वह्या ही स्थावरासारखी मिळकत समजली जाऊन भावांच्या वाटणीत गावे वाटली जात, क्वचित गहाणही पडत, आणि हा यजमान माझा की तुझा ह्यावरून तंटे होत. तरीही वही टिकली, कारण तिच्यावाचून यजमानास ओढून आणणारे दुसरे साधन उपाध्यायाजवळ नव्हते. हरिद्वारच्या वह्यांची सूक्ष्मचित्रे घेण्याचे काम अमेरिकेतील यूटा येथील वंशावळी संस्थेने १९७७ पासून केले.

नाशिकास जाणाऱ्या कुटुंबांनी मागील तीन पिढ्यांची नावे, मूळ गाव आणि घरातील सुना व लेकी ह्यांची नावे एका कागदावर लिहून बरोबर न्यावीत. आपल्या अनेक घराण्यांची नोंद पोटापाण्यासाठी शहरात आलेल्या पिढीपाशी येऊन थांबलेली आढळेल. तिच्यापुढचे पान कोरे आहे, आणि ते उपाध्यायास एकट्याने भरता येत नाही.