मुलांचं बिल: डिंकेल्सब्यूलच्या उन्हाळी उत्सवाची गोष्ट

आज आपल्याला जायचंय जर्मनीत, बव्हेरिया राज्यातल्या डिंकेल्सब्यूल नावाच्या गावात. वस्ती साधारण बारा हजार. गावाभोवती अख्खी तटबंदी, चार वेशी, आत उतरत्या लाल छपरांची रंगीत घरं. म्युनिकला नोकरीला किंवा शिकायला असलेली आपली बरीच मुलं वीकेंडला तिकडे चक्कर मारतात, फोटो काढतात आणि परत येतात. पण जायचं तर जुलैमध्ये जावं. कारण तेव्हा तिथे किंडरत्सेखे असते.

शब्द जरा अवघड आहे, पण अर्थ एकदम घरगुती. 'किंडर' म्हणजे मुलं. 'त्सेखे' म्हणजे हॉटेलात खाऊनपिऊन झाल्यावर टेबलावर येतं ते बिल. म्हणजे 'मुलांचं बिल'. उत्सवाला असं नाव कसं काय पडलं, त्याकडे येतोच. आधी रस्त्यावर जे दिसतं ते ऐका.

साल १६३२. युरोपात तीस वर्षांचं युद्ध चालू आहे, कॅथलिक विरुद्ध प्रोटेस्टंट. (आपल्याकडे तेव्हा शिवाजी महाराज दोन वर्षांचे होते, म्हणजे काळ लक्षात येईल.) स्वीडनचा प्रोटेस्टंट राजा गुस्ताव अडॉल्फ जर्मनीत घुसलाय आणि त्याचा कर्नल स्पेरॉइट डिंकेल्सब्यूलच्या वेशीवर येऊन उभा आहे. नगरसभेत वाद चाललाय, लढायचं की शरण जायचं? तेवढ्यात लोरे नावाची मुलगी पुढे येते. ती गावातली लहान पोरं गोळा करते, त्यांना घेऊन थेट कर्नलसमोर जाते आणि दयेची भीक मागते. कर्नलचं स्वतःचं लेकरू नुकतंच गेलेलं. समोरची पोरं बघून तो विरघळतो. गाव वाचतं.

हे सगळं दरवर्षी गावकरी स्वतः करतात. जुन्या पद्धतीचे कपडे, घोडे, तोफा, मिरवणूक, लाल-पांढऱ्या गणवेशातलं मुलांचं बँडपथक. ज्या दगडी रस्त्यांवर एरवी टुरिस्ट आइस्क्रीम खात फिरतात, तिथे स्वीडिश शिपाई तळ ठोकतात.

आता खरी गंमत. १६३२ मध्ये गाव स्वीडिश सैन्याच्या हाती गेलं, हे पक्कं. स्पेरॉइटही खरा. पण लोरे आणि तिच्यामागची पोरं त्या काळच्या कागदपत्रांत सापडत नाहीत. आज आपण बघतो ते नाटक लुडविग श्टार्क यांनी लिहिलं आणि ते पहिल्यांदा झालं १८९७ मध्ये. तेव्हा जर्मनीत अशा नाटकांची लाटच आली होती. जवळच्या रोथेनबुर्गने १८८१ मध्येच आपलं युद्धनाटक सुरू केलं होतं.

मग जुनं काय? जुनं आहे ते बिल! शाळेच्या मुलांना वर्षातून एकदा गावाच्या खर्चाने खाऊपिऊ घालायचं, अशी इथली रीत होती. शाळेची पार्टी म्हणा ना. नाव त्यावरून पडलं. लोरेची गोष्ट या जेवणावर नंतर येऊन बसली. आपल्याकडे हिरकणीची गोष्ट बुरुजाला चिकटली, तसंच काहीसं.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, बरं, दंतकथा आहे, पुढे काय? मला स्वतःला यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. प्रश्न असा की स्वीडिश सैन्यापासून नेमकं कोणाला वाचवलं?

डिंकेल्सब्यूलमध्ये बहुसंख्य लोक प्रोटेस्टंट होते, पण सत्ता कॅथलिकांकडे. सम्राट पाचव्या चार्ल्सने १५५२ मध्ये नगरसभा कॅथलिकांच्या हाती दिली होती. म्हणजे साध्या प्रोटेस्टंट विणकराला किंवा लोहाराला आपल्या गावाच्या कारभारात जवळपास जागाच नाही. आणि मग वेशीवर येतात स्वीडिश, म्हणजे त्याच्याच पंथाचे! नाटकातला शत्रू अर्ध्याहून जास्त गावासाठी सुटका घेऊन आला होता. त्यांच्या काळात प्रोटेस्टंटांना कारभारात जागा मिळाली. मग १६३४ मध्ये जवळच्याच न्योर्डलिंगेनच्या लढाईत स्वीडिश हरले आणि पारडं पुन्हा फिरलं.

शेवटी १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहात या एवढ्याशा गावाचं नाव घेऊन कलम घातलं गेलं. आउग्सबुर्ग, बिबेराख, राफेन्सबुर्ग आणि डिंकेल्सब्यूल, या चार शहरांत दोन्ही पंथांना पदं समसमान. आंतरराष्ट्रीय तहात एका गावाची नगरसभा कशी असावी हे लिहावं लागलं, यावरून भांडण किती मुरलं होतं बघा.

म्हणून मला १८९७ चं नाटक नुसतं टुरिस्ट खेचायला रचलेलं वाटत नाही. अशा गावात सगळ्यांनी मिळून कोणाचा जयजयकार करायचा? कॅथलिक नगरसेवकाचा केला तर प्रोटेस्टंट नाराज, स्वीडिश कर्नलचा केला तर कॅथलिक. मुलं मात्र दोघांचीही. हा माझा अंदाज आहे, पण नाटक बघताना तो पटत जातो. त्यात पंथाच्या भांडणापेक्षा भीती आणि दया जास्त आहे.

आणि ती तटबंदी? ती टिकली त्यात गरिबीचा हात मोठा. युद्धानंतर लोकरीच्या कापडाचा धंदा पहिल्यासारखा राहिला नाही, मग नवं बांधायला पैसा कुठला? पुढे भिंती पाडायला सुरुवात झाली तेव्हा बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग याने १८२६ मध्ये ते थांबवलं. दुसऱ्या महायुद्धातून गाव जवळपास सहीसलामत सुटलं.

जाणार असाल तर जुलैचा तिसरा सोमवार मधोमध धरून प्लॅन करा. राहायची जागा मात्र खूप आधी बुक करा, गाव लहान आहे. आणि मिरवणूक संपली म्हणून लगेच निघू नका. शाळेच्या मुलांना त्या दिवसांत खाऊने भरलेली रंगीत, टोकदार पुडी मिळते. तिला तिथे 'गुके' म्हणतात. मुलांचं बिल गाव अजून भरतंय.