मुलाने वाचावे, घराने ऐकावे

नगरचा इतिहास म्हटला म्हणजे निजामशाही, चांदबिबी आणि भुईकोट किल्ला एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु या जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या घडणीत काही लहानशा पुस्तकांचाही वाटा आहे. मुलांना धर्म शिकवावा, घरात श्रद्धा नांदावी, या हेतूने ती ख्रिस्ती मंडळींनी छापली.

अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरास १८३१ साली सुरू झाले. बायबल प्रत्येकाने स्वतः वाचावे, असा या मंडळींचा आग्रह. म्हणून देवळाबरोबर शाळा आली आणि शाळेमागोमाग पुस्तके आली : प्रश्नोत्तरे, गीते, बोधकथा. बनियनच्या प्रसिद्ध ग्रंथाचे ‘यात्रिकक्रमण’ हे हरि केशवजींचे मराठी रूप १८४१ सालचे. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ नगरातूनच निघाले. १८७३ साली मिशनने खास मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ हे मासिक काढले. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनीही त्याचे संपादन केले.

आता ही पुस्तके वाचली कोणी? नेवासे-राहुरीकडच्या खेड्यांतून पुढे या धर्मात आलेली बहुतेक कुटुंबे महार-मांग समाजांतली. पिढ्यान् पिढ्या त्यांना अक्षर नाकारलेले. अशा घरात पहिले वाचू लागले ते मूल. मुलाने वाचावे, आईबापांनी ऐकावे, असा उलटा क्रम सुरू झाला. आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना हे चित्र परके नाही. मजुरीच्या दराचे पत्रक विडी कामगार बाईला तिची चौथीतली मुलगी वाचून दाखविते, तेव्हा घरातले वजन कोठून कोठे सरकते, ते आम्ही पाहिले आहे.

पण याची किंमतही पडली. घर जोडण्याची शिकवण देणाऱ्या या धर्मात येताना कित्येकांची घरे तुटली. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई व लहानगा मुलगा यांची त्यांच्यापासून काही वर्षे ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० सालचा. कौटुंबिक श्रद्धेवरचे खरे पुस्तक आम्ही त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’नाच म्हणू, ती १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली. बोधपुस्तकात जे एका उत्तरात संपते, त्यासाठी माणसाला साध्या पाण्याच्या घोटापाशीही मनाशी किती झगडावे लागते, ते तेथे कळते. शिवाय त्या हे सारे हसत हसत सांगतात.

मिशनची प्रश्नोत्तरे उत्तर ठरवूनच लिहिलेली होती, हे खरे. तरी हाती आलेले अक्षर एकाच पुस्तकापाशी थांबत नाही. नगरातली मिस फॅरार यांची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि १८४८ साली पुण्यात आपली शाळा काढली. त्यांनी शाळेचा धडा घेतला, धर्म घेतला नाही.

म्हणून मुलांसाठी पुस्तक निवडताना, ते कोणत्याही धर्माचे वा पक्षाचे असो, आम्ही एवढेच पाहावे म्हणतो : ते वाचून मूल आपल्याला उलट प्रश्न विचारू लागते काय? आणि विचारलाच, तर तो ऐकून घेण्याची आपली तयारी आहे काय?