मंडपाबाहेर काढलेला प्रश्न

डिसेंबर १८९५ मध्ये पुण्यात काँग्रेसचे ११ वे अधिवेशन भरले. तोवर न्या. रानड्यांची सामाजिक परिषद काँग्रेसच्याच मंडपात भरत असे. पण काँग्रेसला आता सुशिक्षितांपलीकडचे लोक जोडायचे होते. सुधारणेचा विषय मंडपात आला तर सनातनी दुरावतील, अशी टिळकपक्षाची भूमिका होती. परिषदेने वेगळा मंडप उभारला तर तो जाळू, अशी धमकीही विरोधकांनी दिली. अखेर परिषद फर्ग्युसन कॉलेजच्या आवारात गेली. लोक जोडण्याच्या नावाखाली लोकांचाच प्रश्न बाहेर काढला गेला.

पण ती परिषद तरी आमची होती का? बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’मध्ये दाखवून दिले की विधवाविवाह, बालविवाह अशा उच्चवर्णीय कुटुंबातल्या सुधारणांपुरतीच तिची धाव होती. जात मोडण्याचे तिने मनावर घेतलेच नाही, म्हणून ती हरली. याच पुण्यात जोतीरावांचा सत्यशोधक समाज १८७३ पासून जातीच्या मुळावर घाव घालत होता.

अस्पृश्यांवरील बंधने दूर करण्याचा ठराव काँग्रेसने केला तो थेट १९१७ साली, राजकीय सुधारणांसाठी अस्पृश्यांचा पाठिंबा हवा होता तेव्हा.

आपल्या संघटनांनीही काळाप्रमाणे बदललेच पाहिजे. मात्र पोटजातीचा किंवा महिला नेतृत्वाचा विषय निघाल्यावर ‘आत्ता नको, माणसे तुटतील’ असे बैठकीत कुणी म्हणाले, तर तिथेच विचारू या: कोणती माणसे?

जय भीम!