करडईचे तेल आणि हृदयाचे आरोग्य : एका पथ्याचा इतिहास



जालना जिल्ह्याच्या इतिहासाचा विषय निघाला की बोलणाऱ्याला सामग्रीची वाण पडत नाही. सांचीच्या स्तूपावरील लेखांत ज्या भोगवर्धनचे दाते भेटतात ते आपले भोकरदन. १६०८ साली समर्थांचा जन्म झाला ते जांब आपले. १८०३ च्या सप्टेंबरात वेलस्ली आणि शिंदे-भोसल्यांच्या फौजा जेथे भिडल्या ते असईही आपलेच. या थोर विषयांवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी आज बांधाच्या कडेने उभ्या राहणाऱ्या एका काटेरी झाडाचा इतिहास सांगणार आहे. ते झाड म्हणजे करडई.

करडईच्या तेलाने हृदय सांभाळले जाते, असे गेली साठेक वर्षे आपण ऐकत आलो आहोत. डॉक्टरांनी सांगितले, जाहिरातींनी सांगितले, आणि झटका येऊन गेलेल्या माणसाच्या घरी समाचाराला आलेल्या पाहुण्यांनी तर हटकून सांगितले. ही समजूत कोठून आली आणि ती कितपत टिकते, हा इतिहासाचाच प्रश्न आहे. तो नुसत्या कुतूहलाचाही नाही; कारण या तेलावर भरवसा ठेवून कित्येक माणसांनी आपला जीव त्याच्या हवाली केला.

प्रथम झाडाची ओळख. आपल्या काळ्या रानात रब्बी ज्वारीच्या किंवा हरभऱ्याच्या कडेने करडईचे दोन-चार तास टाकण्याची रीत जुनी आहे. झाड काटेरी, त्यामुळे ढोर आत शिरत नाही. कुंपणाचे कुंपण आणि तेलाचे तेल! तिचे सोटमूळ खोल जाते, म्हणून परतीच्या पावसाची ओल संपली तरी ती तग धरते. कोवळी असताना तिची भाजी होते, आणि ती भाकरीबरोबर ज्याने खाल्ली आहे त्याला तिचे वर्णन ऐकवण्याची गरज नाही. पुढे पिवळी-केशरी फुले येतात आणि काढणीची वेळ आली की माणसे हातापायांना फडकी गुंडाळून पहाटे रानात जातात. दवाने काटे मऊ असतात तोवरच काम उरकायचे. या काट्यांची आठवण ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

प्राचीनांना हे झाड तेलापेक्षा रंगासाठी अधिक माहीत होते. संस्कृतात ते कुसुंभ. आपल्या भाषेतला ‘कुसुंबी’ रंग त्याचाच. फुलांतला पिवळा रंग पाण्यात धुऊन काढावयाचा आणि मागे राहिलेला तांबडा रंग क्षाराच्या पाण्याने सोडवून घ्यावयाचा, ही विद्या फार जुनी आहे. मिसर देशाच्या प्राचीन थडग्यांतही ही फुले सापडली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डांबरापासून केलेले कृत्रिम रंग बाजारात आले आणि हा व्यापार बुडाला. फूल गेले, बी उरले.

आता या बियांच्या तेलाविषयी आपल्या वैद्यकाचे मत काय होते? येथे एक मोठी गंमत आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पंचविसाव्या अध्यायात, प्रत्येक वर्गातले अत्यंत हितकर काय आणि अत्यंत अहितकर काय याची यादी आहे. वनस्पतीपासून निघणाऱ्या स्नेहांत तिळाचे तेल श्रेष्ठ ठरवले आहे. आणि अत्यंत अपथ्यकर म्हणून नाव आहे ते कुसुंभाच्या तेलाचे! पुढे सत्ताविसाव्या अध्यायात ते जड, दाह करणारे आणि सर्व दोष वाढवणारे म्हटले आहे. ‘आमच्या पूर्वजांना हे तेल हृदयास हितकर म्हणून ठाऊकच होते’ असे जे अधूनमधून सांगण्यात येते, त्यास ग्रंथाचा आधार नाही. हृद्रोगासाठी परंपरेने सांगितलेली वस्तू म्हणजे अर्जुनाची साल, दुधात काढा करून. ती निराळी कथा आहे.

वैद्यांनी नाक मुरडले म्हणून मराठवाड्याच्या शेतकऱ्याने तेल सोडले नाही. जे रानात येते ते घाण्यावर जाते. तीळ, जवस, कारळे, करडई, पुढे भुईमूग, यांतले जे हाताशी असेल ते खाल्ले गेले, आणि घरात वर्षभर एकच तेल असावे असा दंडकही नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी गोदावरी खोऱ्याची रेल्वे मनमाडपासून जालन्यावरून निजामी मुलखात गेली. कापसाच्या गाठींना आणि तेलबियांना मुंबईची वाट सापडली. १९३७ पासून डालडा आला आणि गोठवलेले तेल तुपाच्या जागी बसले. त्या गोठवण्यात निर्माण होणारी ट्रान्स चरबी हृदयाला किती घातक, हे कळावयास अर्धशतकाहून अधिक काळ लागला. अन्नातील तिचे प्रमाण तेला-तुपात २ टक्क्यांवर आणणारा आपला नियम जानेवारी २०२२ पासूनचा आहे.

करडईचे दैव पालटले ते मात्र अमेरिकेत. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे हृदयविकाराने धडधाकट माणसे पटापट मरू लागली. रक्तातील कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांचा संबंध शोधला जाऊ लागला. १९५२ च्या सुमारास किन्सेल यांनी दाखवले की प्राणिज चरबीच्या जागी वनस्पतीचे तेल दिले तर कोलेस्टेरॉल उतरते. अँसेल कीज यांनी सात देशांच्या आहाराची तुलना हाती घेतली, आणि १९६१ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने तूप-लोण्यासारखी चरबी कमी करून त्या जागी वनस्पतीची पातळ तेले घेण्याचा सल्ला दिला. उतार घडवणारा घटक म्हणजे लिनोलिइक आम्ल. ते सर्वांत अधिक कोणत्या तेलात? करडईच्या, सुमारे ७५ टक्के. चरकाने पंक्तीच्या शेवटी बसवलेले तेल एका दशकात अग्रपूजेला आले.

आणि लगेच त्याची गोळी झाली. हर्मन टॅलर नावाच्या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९६१ मध्ये एक पुस्तक लिहिले. भरपूर खा, करडईच्या तेलाच्या कुप्या घ्या, वजन घटेल, हृदय सुधारेल, असा त्याचा एकूण बोध. पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. कुप्या विकणारी मंडळी पुस्तकाबरोबरच उभी होती. १९६२ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने त्या कुप्या आणि त्यांच्यासोबतची पुस्तके जप्त केली. १९६७ मध्ये टॅलर टपालाद्वारे फसवणूक केल्याबद्दल दोषी ठरले आणि त्यांना दंड झाला. अन्नातून एक घटक काढावयाचा, तो कुपीत भरावयाचा, आणि अन्नाविषयी जे अर्धवट सिद्ध झाले ते कुपीविषयी पूर्ण सिद्ध झाले असे सांगावयाचे, ही या धंद्याची रीत तेव्हापासूनची आहे. करडईच्या तेलावर प्रक्रिया करून केलेल्या वजन उतरवण्याच्या कुप्या आजही विकल्या जातात. साठ वर्षांत बाटलीवरचे नाव तेवढे बदलले.

आपल्याकडे हे तेल कुपीतून नव्हे तर डब्यातून आले. मुंबईच्या बॉम्बे ऑइल इंडस्ट्रीजचे ‘सफोला’ हे त्यातले सर्वांत गाजलेले नाव. ते नावच करडईच्या इंग्रजी नावावरून घडवलेले. मराठवाडा, सोलापूर आणि उत्तर कर्नाटक येथल्या कोरडवाहू रानातले बी शहरातल्या सुखवस्तू घरात पथ्याचे तेल म्हणून पोहोचले.

पण कोलेस्टेरॉल उतरले म्हणजे माणूस वाचला काय? हा प्रश्न ऑस्ट्रेलियात विचारला गेला. सिडनी येथे १९६६ पासून १९७३ पर्यंत एक प्रयोग चालला. नुकताच हृदयाचा आजार होऊन गेलेले ४५८ पुरुष घेतले, वय ३० ते ५९. निम्म्यांना त्यांचा नेहमीचा आहार. उरलेल्यांना चरबीच्या जागी करडईचे तेल आणि त्याच तेलाचे मार्गारीन. कोलेस्टेरॉल ठरल्याप्रमाणे उतरले. १९७८ मध्ये निष्कर्ष छापून आले, त्यात करडईच्या गटात मृत्यू अधिक दिसत होते. परंतु कोण कशाने मेला याचा तपशील त्यात नव्हता, आणि गोष्ट विस्मरणात गेली. पुढे ख्रिस्तोफर रॅम्सडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या चुंबकीय फितीवरची मूळ नोंद शोधून काढली, ती वाचवून घेतली, आणि २०१३ मध्ये हिशेब पुरा केला. करडईच्या गटात १७.६ टक्के माणसे मेली होती, दुसऱ्या गटात ११.८ टक्के, केवळ हृदयधमनीच्या विकाराने मेलेल्यांचे प्रमाण १६.३ आणि १०.१. इतिहास संशोधकाला दप्तरातला एखादा कागद चाळीस वर्षांनी सापडावा तशी ही घटना आहे. फरक इतकाच की या कागदावर माणसांचे मृत्यू लिहिलेले होते.

येथे उतावीळ होऊन करडईला फाशी देण्याचे कारण नाही. प्रयोग लहान होता. मार्गारीनमध्ये ट्रान्स चरबी असावी, म्हणून २०१७ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने आपल्या निर्णयात तो जमेस धरला नाही. इतर प्रयोगांच्या आधारे पातळ तेलांचा सल्ला तिने कायम ठेवला. रॅम्सडेन यांचे म्हणणे असे की, करडईत एका जातीचे आम्ल ओतप्रोत असते आणि जवसात किंवा मासळीत मिळणारे ओमेगा-३ जवळजवळ नसते. तेव्हा सर्वच पातळ तेलांना एका मापाने मोजू नये. मला हा मुद्दा वजनदार वाटतो. आपल्याकडच्या एका माणसाने असाच इशारा १९६७ मध्ये दिला होता. पश्चिम रेल्वेचे वैद्यकीय अधिकारी एस. एल. मल्होत्रा यांनी देशभरच्या अकरा लाखांहून अधिक रेल्वे कामगारांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. तूप-दूध भरपूर खाणाऱ्या पंजाबकडच्या कामगारांपेक्षा, बियांचे तेल खाणाऱ्या दक्षिणेकडच्या कामगारांत हृदयविकाराचे मृत्यू सात पट होते. एवढ्यावरून तूप निर्दोष ठरत नाही, कारण दोन प्रांतांतल्या राहणीत तेलाखेरीज शंभर फरक असतात. परंतु अमेरिकेचे कोष्टक आपल्या ताटाला जसेच्या तसे लागू होत नाही, इतके त्यातून निश्चित कळत होते. ते निबंध आपल्याकडे व्हावे तितके वाचले गेले नाहीत.

ओमेगा-३ चीही कुपी झालीच. ग्रीनलंडच्या लोकांत हृदयविकार कमी, ते मासळी खातात, यावरून १९७० नंतर माशाच्या तेलाचा बोलबाला झाला. १९९९ मध्ये इटलीतील अकरा हजारांवर रुग्णांवरच्या प्रयोगात दररोज १ ग्रॅमचा काही लाभ दिसला. पुढे अमेरिकेत २५,८७१ माणसांवर प्रयोग झाला, त्याचा निकाल २०१८ मध्ये आला, आणि निरोगी माणसांत झटके व हृदयमृत्यू यांत एकूण लक्षणीय घट दिसली नाही. आपल्या जवसाच्या तेलात या जातीचे आम्ल निम्म्याहून अधिक आहे. शरीरात त्याचे माशातल्या आम्लात रूपांतर मात्र थोडेच होते. जवसाची चटणी खुशाल खावी, चवीसाठीच खावी. पण तिच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेली रक्तदाबाची गोळी बंद करणारा माणूस स्वतःच्या घरादाराशी खेळतो आहे. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था एकच तेल न खाता आलटूनपालटून निरनिराळी तेले खावीत असे सांगते. घाण्याच्या काळात गरजेपोटी हेच चालले होते.

इकडे रानात काय घडले? १९८० च्या दशकात देशात करडई सात लाखांहून अधिक हेक्टरांवर होती. अलीकडच्या वर्षांत ती एक लाखाच्या खाली उतरली आहे. पहिले कारण पामतेल. १९९४ पासून खाद्यतेलाची आयात खुली झाली आणि स्वस्त परदेशी तेलापुढे कोरडवाहू बियांचा टिकाव लागेना. ज्या डब्यांनी करडईचे नाव घरोघर नेले त्यांतही भाताच्या कोंड्याच्या तेलासारखी दुसरी तेले मिसळली जाऊ लागली. दुसरे कारण आपल्या घरचे आहे. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी काढली आणि गावाचे नाव देशभर नेले. २००२ मध्ये देशातले पहिले बीटी कापसाचे वाण बाजारात आले ते तिचेच. कापूस पसरला, तो रानात डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभा राहू लागला, आणि ऑक्टोबरात पेरावयाच्या करडईला जागाच उरली नाही. तिसरे कारण ते काटे. मजुरी वाढली आणि फडकी गुंडाळून पहाटे रानात जायला माणूस मिळेना. फलटणच्या निंबकर संस्थेने बिनकाट्याचे वाण काढले, परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’ दिले, काढणीला यंत्रे आली. तरी गेलेले क्षेत्र परतले नाही. बिनकाट्याच्या करडईला ढोर भीत नाही, ही अडचण वेगळीच.

एक धागा राहिला. १९६३ मध्ये कॅलिफोर्नियातील नोल्स आणि त्यांचे सहकारी मुत्वकील यांनी भारतातून गेलेल्या करडईच्या निवडींवर एक निबंध लिहिला. त्या बियांच्या तेलात लिनोलिइक आम्ल थोडे आणि ऑलिव्हच्या तेलातले ओलिइक आम्ल पुष्कळ होते. हे तेल तापवल्यावर लवकर बिघडत नाही, आणि सिडनीच्या प्रयोगातल्या तेलाहून ते अगदी निराळे. त्यातून अमेरिकेत नवे वाण निघाले आणि आज तेथे करडईचे म्हणून विकले जाणारे तेल बहुधा याच जातीचे असते. आपल्या बियांतला हा गुण आपल्याकडे परत यायला अर्धशतक लागले. हैदराबादच्या भारतीय तेलबिया संशोधन संस्थेने अलीकडे अशी वाणे दिली आहेत. पण जुने बी आणि हे बी नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. मोंढ्यात दोन्हींचा एकच ढीग पडला की घाण्यातून निघणारे तेल कोणते, हे तेल्यालाही सांगता येणार नाही आणि ग्राहकालाही. वेगळी खरेदी आणि प्रयोगशाळेतली तपासणी यांवाचून त्या वाणाचा भाव शेतकऱ्याच्या हाती पडावयाचा नाही.